मावसोजींच्या अळ्या

आमच्या मावसोजींइतका अळ्यांवर जीव टाकणारा माणूस उभ्या ठाण्यात दुसरा नव्हता, आणि नव्हता हे ठाण्याचे भाग्यच म्हणायचे. कचेरी सुटली की इतर कारकून तळ्यावर हवा खायला जात. मावसोजी जोडे न काढताच परसात शिरत. तिथे त्यांनी एका साहेबाच्या बागेतून मागून आणलेली झाडे लावली होती. फुले तांबडी-पिवळी, म्हणून लोक त्यांना हळदकुंकू म्हणत. पान तोडले की पांढरा चीक येई, आणि पानोपानी पट्टेरी अळ्या. त्यांची पुढे केशरी फुलपाखरे होत, एवढ्यासाठी हा सारा सोस. कडू चीक खाऊन पोसलेल्या त्या अळ्यांकडे कावळादेखील ढुंकून पाहत नसे, तरी हे गृहस्थ छत्री घेऊन पहाऱ्याला उभे! सकाळी देवासाठी फुले तोडायला येणाऱ्या शेजाऱ्यांना ते बजावत, "फुलं हवी तेवढी न्या, पण पानाला हात लावाल तर खबरदार. तिथं पोरं जेवताहेत." मावशी म्हणे, "पुढच्या जन्मी मी अळीच होणार आहे. म्हणजे माझीही विचारपूस होईल."

त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, यमूच्या लग्नात मांडवाचा खांब नेमका त्या वाफ्यात येत होता. मावसोजींनी वाफा सोडून मांडव सरकवला, आणि निम्मे वऱ्हाडी शेजाऱ्यांच्या गोठ्यात म्हशींच्या सोबतीने जेवले. तेव्हा मी शिकायला त्यांच्याकडेच होतो. या माणसाला लेकीपेक्षा अळ्या प्याऱ्या, असे मला अगदी मनापासून वाटले.

यमू कल्याणला नांदायला गेली आणि मावसोजींची अन्नावरची वासनाच उडाली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. मग उगाच ऊठसूट जायचे तरी कसे? महिनाभर ते कुढत बसले. मग एक दिवस त्याच झाडांची रोपे खोक्यात घालून ते आगगाडीत बसले आणि व्याह्यांच्या अंगणात लावून आले. तेव्हापासून दर पंधरवड्याला "अळ्या पाहून येतो" म्हणून स्वारी कल्याणला!

एकदा मीही बरोबर गेलो, तर व्याही पगडी हातात घेऊन ओटीवर लाल होऊन उभे. पगडीच्या आत एक हिरवा कोश लोंबत होता.

मावसोजींचा चेहरा उजळला. "वा! आता आठ दिवस पगडी हलवू नका हं."

"आणि तोवर आम्ही काय बोडक्यानं हिंडायचं?" व्याही कडाडले. "अरे, कुदळ आण रे! उपटून टाक ती झाडं!"

गडी कुदळ घेऊन आला. मावसोजी नुसते वाफ्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचा तो चेहरा पाहून मला रडूच आले. तेवढ्यात माजघराच्या दारातून विहीणबाईंचा आवाज आला. ही बाई जन्मात हसली नसावी असा तिचा लौकिक.

"अहो, राहू द्यात ती झाडं. मग व्याहीबुवांनी लेकीला भेटायला यायचं तरी कोणत्या निमित्तानं?"

व्याही मुकाट्याने दुसरी पगडी घालून बाहेर पडले.

पुढे मी बरेचदा त्यांच्याबरोबर गेलो. मावसोजी अंगणात पाऊल टाकत, की विहीणबाई आतून सांगत, "सूनबाई, वडलांना अळ्या दाखव." यमू पदर सावरत बाहेर येई. एका वैशाखात ती झाडे पार वाळून गेली होती. अळी तर सोडाच, पानही नव्हते. विहीणबाईंनी खिडकीतून त्या काटक्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सूनबाई, वडलांना अळ्या दाखव. सावकाश दाखव हो, घाई नाही."

बापलेक कितीतरी वेळ त्या वाळक्या काटक्यांपाशी बोलत उभे होते.