सयाजीच्या हातातली दोरी

वडूजच्या सयाजीनं तिशीपर्यंत खोल पाणी कधी पाहिलंच नव्हतं. विहीर खोदायला उतरणाऱ्यांची दोरी धरणं हा त्याचा धंदा, आणि धंद्याचा कायदा एकच: खालचा माणूस ओ देईना, तर विचार करायचा नाही, ओढायचं. त्या कायद्यानं त्यानं तिघांना वाचवलं होतं.

१९७४ साली त्याचे दाजी हंबीरराव, नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे, एका धरणाच्या दरवाजाच्या कामाला लागले. दोरी धरायला त्यांनी मेव्हण्यालाच नेलं. तराफ्यावर दोघांनी हातपंप फिरवून हवा सोडायची आणि सयाजीनं दोरी सांभाळायची. दाजींनी बजावलं होतं: शंभर फुटांखाली पाण्याच्या दाबानं श्वासातली हवा रक्तात, सांध्यांत मुरते, लोणच्यात मीठ मुरावं तशी. थांबत थांबत वर आलं तर ती श्वासावाटे निघून जाते. घाईनं आलं तर अंगातच तिचे बुडबुडे होतात आणि माणूस पांगळा होतो. म्हणून वर येताना दहा फुटांवर अर्धा तास शिडीला धरून थांबायचं.

त्या सकाळी दाजी तिथं थांबलेले असताना सयाजीनं दोरीला हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. दोरी मेल्यासारखी. सयाजीच्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही; सारा जोर लावून ओढलं, दोरी झटक्यानं सुटली आणि दाजी वर आले.

शिरस्त्राण काढल्यावर दाजी एवढंच म्हणाले, "दोरी अडकली व्हती रं. मी चांगला व्हतो."

दहा मिनिटांत त्यांचा खांदा ठणकू लागला, मग गुडघे. डावा पाय बधिर होत चालला. यावरचा इलाज, हवेच्या दाबाची बंद खोली, मुंबईला, दिवसभराच्या रस्त्यावर. तोवर पाय गेलाच असता. जवळचा उपाय एकच, तोही धोक्याचा: पुन्हा दाबाखाली जायचं.

"दोरी तूच धर," दाजी म्हणाले.

"मी न्हाई, दाजी. दुसरा गडी बघा."

"दुसऱ्याला ही चूक ठावं न्हाई. तुला ठावं हाय."

दाजी हातांच्या जोरावर शिडी उतरले. साठ फुटांवरून दोनदा हिसका आला: दुखणं उतरलं. मग दहा-दहा फूट, घड्याळ बघत, तीन तास. शेवटच्या थांब्याला सयाजीनं खूण केली. उत्तर नाही. पुन्हा केली. दोरी तशीच मेलेली.

पंपावरचा जोतीराम म्हणाला, "वढ की गड्या."

सयाजीची बोटं वळली. त्यानं दोरीवरची नजर काढून पाण्यावर लावली. बुडबुडे येत होते, थांबून थांबून: दाजी शिरस्त्राणाची झडप डोक्यानं दाबून हवा सोडत होते. एक. दोन. चाळीसपर्यंत मोजून त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"पंप फिरव," तो म्हणाला.

सहा मिनिटांनी दोरी हलली.

दाजी वेळेवर, आपल्या पायांनी वर आले. डावा पाय जरा ओढत होता, तो पुढंही तसाच राहिला. शिडीच्या सातव्या पायरीचा बोल्ट बाहेर आलेला होता, दोरी दोन्ही वेळा तिथंच अडकली, असं ते म्हणाले. सयाजीनं त्यांच्या पायांतले शिशाचे बूट सोडवले, मग शिडी तराफ्यावर ओढून घेतली, लोखंड कापायची करवत मागितली आणि तो बोल्ट कापायला बसला.