पास्कल उर्फ खारो वारो

पास्कल फर्नांडिसच्या पावाला आमच्या गावात जेवढी मागणी होती, तेवढी त्याच्या बोलण्याला नव्हती. तो तोतरा होता. 'प' आणि 'म' ही अक्षरं त्याला फार छळायची, आणि आईबापांनी नाव नेमकं 'प'वरून ठेवलेलं. ओठ मिटले की ते पुन्हा उघडेपर्यंत समोरचा माणूस त्याचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. लोक वाईट नव्हते. कुणाला घाई असायची, कुणाला दया यायची. पण त्या पुऱ्या केलेल्या वाक्यांतली निम्मी त्याची नसायचीच. पाणी मागायला जावं आणि हातात चहा यावा. पास्कल मुकाट्याने चहा प्यायचा.

आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. पास्कलच्या घरामागे भट्टी होती. तो आणि त्याची आई जुलिया उजाडायच्या आत पाव काढायचे, आणि मग पास्कल सायकलला टोपली बांधून मालवण बाजारापर्यंत विकत जायचा. दुपारी टोपली रिकामी झाली की त्याच्या डोळ्यांत झोप असायची, पण ती यायची नाही. बाजार पेंगायचा, मासळीच्या ओट्यांवर मांजरं पसरायची, आणि हा चाळिशीकडे झुकलेला माणूस अर्धा जागा, अर्धा झोपेत सावलीसावलीने हिंडत राहायचा.

अशाच एका दुपारी, २००५ साली, तो यतीनच्या सायबर कॅफेत शिरला. कुवेतच्या मावशीने ईमेलवर फोटो पाठवले होते, ते आईसाठी छापून घ्यायचे होते. वीज गेलेली होती. ती येईपर्यंत बसला, आल्यावर फोटो निघाले, आणि मग यतीनने सहज त्याच्यासमोर एक गेम लावून दिला. त्यात शत्रू नव्हते, बंदुका नव्हत्या. धुक्यातलं एक बेट होतं. त्यावर चालायचं, बस्स. कुठे पडका धक्का लागायचा, कुठे ओल्या दगडांची पायवाट, कुठे लांबून घंटेसारखा आवाज. पास्कल तिथे तास दीड तास चालला. बाहेर आला तेव्हा मालवणच्या रस्त्यावरही त्याला जरासं धुकं दिसत होतं. तो रोज दुपारी येऊ लागला.

यतीननेच पुढे त्याला ते मराठी संकेतस्थळ दाखवलं. देशोदेशीची मराठी माणसं तिथे वाद घालायची. रोमन अक्षरं दाबली की पडद्यावर देवनागरी उमटायची. त्या दिवशी वाद पेटला होता तो गेम खेळणाऱ्या पिढीवर. नाशिकला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या जान्हवी नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'गेम ही झोपेची गोळी आहे. जागी माणसं रस्त्यावर दिसतात, सभेत दिसतात, मतदानाच्या रांगेत दिसतात. पडद्यासमोर दिसतात ती झोपलेली.'

पास्कलने ते दोनदा वाचलं. मग यतीनला खुणेनेच विचारलं, इथे लिहायचं कसं? नाव घ्यावं लागलं. त्याने 'खारो वारो' घेतलं. अक्षरं शोधता शोधता बोट दुखलं, पण शेवटी लिहून झालं: 'बाई, झोप एवढी वाईट नसते. मी रोज अर्ध्या झोपेत माझा धंदा करतो. गेम ही एक जागा आहे. माणूस तिथे जातो आणि परत येतो. परत आल्यावर त्याने काय केलं, ते विचारा.'

वाक्य तिथेच संपलं, जिथे त्याला संपवायचं होतं. मध्ये कुणी बोललं नव्हतं. पास्कल खुर्चीत टेकून पंख्याकडे बघत राहिला. यतीन म्हणाला, "काय रे, बरा वाटता मा?" पास्कलने मान हलवली. बरं म्हणजे किती बरं, ते सांगायला त्याच्याजवळ शब्द होते, पण ते आता बोटांत उतरले होते.

पुढची तीन वर्षं तो वाद घालत राहिला. चोरीच्या सीडी विकत घ्याव्या का, मोबाइल आल्यावर माणसं खोटं जास्त बोलू लागली का, पक्षांनी एसेमेसवर मतं मागावी का, लपवलेल्या नावाने लिहिणं भित्रेपणाचं की मोकळेपणाचं. जान्हवीबाई बहुतेक वेळा समोरच्या बाजूला. भांडण जुंपलं की दोघं आठ-आठ दिवस हटायचे नाहीत. लोकांना वाटायचं, खारो वारो कुणी निवृत्त वकील असावा. पास्कल सायकल हाणायचा आणि त्याच्या डोक्यात उद्याची वाक्यं माशांच्या थव्यासारखी एकदम वळायची, एकदम चमकायची. गिऱ्हाईक हाक मारायचं, "पास्कल, पाच दी रे!" तो दहा द्यायचा.

२००८च्या दिवाळीनंतर आमच्या किनाऱ्यावरची जागा एका हॉटेल कंपनीने घेतली. कुंपणाची भिंत आखली गेली ती नेमकी किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटेवरून. त्याच वाटेने रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने खेचायची लांबलचक जाळी ओढणारे जायचे आणि बायका टोपल्या भरून मासळी वर आणायच्या. गावात कुजबुज होती, पण उघड कुणी बोलत नव्हतं. कुणाच्या मुलाला हॉटेलात नोकरी लागणार होती, कुणाची रिक्षा चालणार होती.

पास्कलने संकेतस्थळावर त्या वाटेवर मोठा लेख लिहिला. तो लेख गाजला. दुबईपासून न्यू जर्सीपर्यंतच्या लोकांनी शाबासकी दिली. त्या सगळ्यांच्या खाली जान्हवीबाईंची एकच ओळ होती: 'फार छान. हे तुम्ही ग्रामसभेत बोललात का?'

पास्कलने संगणक बंद न करताच खुर्ची सोडली. आठवडाभर तो कॅफेकडे फिरकला नाही. त्या दिवसांत पाव दोनदा करपले. जुलियाने विचारलं नाही. आख्ख्या गावात तीच एक बाई होती, जी त्याचं वाक्य पुरं करत नसे. कितीही वेळ लागो, पीठ मळत राहायची.

शेवटी भट्टीपाशी तो म्हणाला, "माय... माका सभेत... बोलूचा आसा."

जुलियाचे हात पिठातच होते. "मग बोल."

"हसतले."

"हसतले. आणि मगे?"

दुपारी तो कॅफेत गेला आणि जान्हवीबाईंना खासगी निरोप लिहिला: 'मी वकील नाही, पाव विकतो. आणि मी तोतरा आहे. सभेत माझं वाक्य माझं राहत नाही.' उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: 'हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण माझा प्रश्न तोच आहे.' पास्कल हसला. एवढा मोठ्याने की यतीन उठून बघायला आला.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. झेंडावंदनाचे कपडे घालून लोक बसले होते. सरपंच भाई मनाने साधा, पण सभा लवकर आटपायची त्याला सवय. हॉटेलचा विषय निघाला तसा पास्कल मागच्या ओळीत उभा राहिला.

"माका... म... म..."

ओठ मिटले. पडवीतलं सगळं त्याच्यापासून लांब गेलं, माणसं धुरकट झाली, आणि कुठून तरी समुद्राचा आवाज तेवढा जवळ आला. भाईने हात वर केला. "समाजला रे पास्कल. हॉटेल इला तर पाव जास्त खपतलो, असाच मा? बरा बोललंस. बस."

पडवी हसली. पास्कलला बसता आलं असतं. पण ते वाक्य त्याच्या नावावर सभेत लिहिलं गेलं असतं, आणि ते त्याचं नव्हतं.

"ना...य," तो म्हणाला. "तसा नाय. ता तु... तुमचा वाक्य. माझा... अजून... होवचा आसा."

हसू एकदम ओसरलं. भाई काहीतरी म्हणणार तोच पुढच्या ओळीतली पार्वती मागे वळली. ती मासे विकायची, आणि तिचा आवाज असा, की पास्कलला न मिळालेला सगळा आवाज तिच्या एकटीजवळ आला असावा. "भाई, गप ऱ्हवा वायच. तेका बोलूंदे."

पास्कल बोलला. प्रत्येक शब्द खाडीतून होडी ओढावी तसा ओढून आणत होता. ही वाट आपल्या आज्यापणज्यांनी चालून पाडली. हॉटेल येऊ दे, त्याला ना नाही. पण भिंत वाट सोडून घाला. आज बायकांना एक मैल वळसा पडला, तर उद्या त्या मासळी विकणं सोडतील, आणि मग गावात समुद्र फक्त खिडकीतून दिसेल. एवढंच. लिहिलेल्या लेखात याच्या वीसपट होतं. पण एवढं बोलेपर्यंत तो घामाने भिजला, आणि कुणीही मध्ये बोललं नाही. वाक्य अडलं की सगळी पडवी श्वास धरून थांबायची.

तो बसल्यावर पार्वती उठली, तिच्यानंतर रापणीतले दोघे. भाई ग्रामसेवकाला म्हणाला, "वाट सोडूक होयी, असा घाला ठरावात."

सगळं काही मनासारखं झालं असं नाही. कंपनीने चार महिने घोळवलं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं गेली ती गेलीच. पण भिंत मागे सरली, आणि टोपली डोक्यावर घेतलेल्या दोन बायका शेजारून जातील एवढी वाट राहिली. भाई तेव्हापासून पास्कल दिसला की थोडा ओशाळतो आणि चार पाव जास्त घेतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जान्हवीबाई बहिणीबरोबर मालवणला आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, उन्हाने लालबुंद. पास्कलने त्यांना ती वाट दाखवली. गेम आणि झोप यावरून दोघं तिथेच, भर उन्हात भांडले. बाई त्याच्या अडलेल्या शब्दाशी खालचा ओठ दाताखाली धरून थांबायच्या. धीर त्यांच्या स्वभावात नव्हता, तो त्या मुद्दाम आणत होत्या, आणि हे पास्कलला दिसत होतं. मत दोघांपैकी कुणीच बदललं नाही.

२०१०मध्ये ते संकेतस्थळ बंद पडलं. चालवणाऱ्यांनी हात टेकले, लोक दुसरीकडे पांगले. यतीनने पास्कलला पडद्यावरचं कोरं पान दाखवलं. पाच वर्षांतलं खारो वारोचं एक अक्षरही उरलं नव्हतं. "वायट झाला रे," यतीन म्हणाला. पास्कल सायकल घेऊन घरी निघाला.

वाटेत रापण ओढणं चाललं होतं. पाण्यावर ऊन पातळ होऊन पसरलं होतं, आणि दोरीला लागलेली माणसं झोपेत चालल्यासारखी मागे मागे सरकत होती. पार्वतीने हाक मारली, "पास्कल, बघतस काय? हात लाव." त्याने सायकल वाळूत आडवी केली आणि दोरी धरली. शेजारचा म्हातारा कुरकुरत होता, मतदानाच्या मशिनीवर आपला काय विश्वास नाय.

"क... कित्याक नाय?" पास्कल म्हणाला, आणि दोरी ओढता ओढता दोघांची जुंपली.