जावईबापूंची बाजू

बास्केटबॉलबद्दल मत विचारायचं असेल तर आधी आपली कामं आटपून यावं, कारण कोचबाई एकदा सुरू झाल्या की कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. कोचबाई हे गल्लीनं दिलेलं नाव. खरा धंदा शिवणकामाचा, आणि तोही नवे कपडे शिवायचा नाही. पँटची उंची कमी करून दे, चेन बदल, सुटलेल्या पोटांसाठी कंबर उसवून वाढव, असली कामं. जिन्याखालची अरुंद खोली, पायमशीन, बटणांचा डबा आणि फळीवर एक छोटा टीव्ही. साखळी सामने संपून प्ले-ऑफ सुरू झाले की बाईंचं एक लक्ष सुईकडे आणि दुसरं त्या टीव्हीकडे.

"वर्षभर काय, सगळेच शहाणे असतात," पँटचं माप घेता घेता त्या गिऱ्हाइकाला सांगत. "माणूस कळतो तो प्ले-ऑफमध्ये. आधी चार सामने जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. तिथं नखरे चालत नाहीत. सरळ उभे राहा, पोट आत घेऊ नका, नंतर बटण तुटेल."

खेळाडूंची खरी नावं त्यांच्या तोंडी कधी आलीच नाहीत. पिवळा संघ त्यांचा लाडका. त्यातला बॉल वाटणारा बुटका म्हणजे 'थोरली'. का, तर थोरल्या बहिणीसारखा आधी सगळ्यांना देतो, उरलं तर स्वतः घेतो. त्यांच्याच उंच गड्याबद्दल म्हणत, "ह्याच्या पँटला दोघांचं कापड लागेल, आणि उडी मात्र अर्ध्याची!" पांढऱ्यांचा कप्तान 'शेजारीण', कारण जरा धक्का लागला की चालला रेफरीकडे चुगली करायला. आणि निळ्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, ज्याची पोस्टरं पोरांच्या खोल्यांत लागतात, तो 'जावईबापू'. "हातात बॉल दिला की खूश, नाही दिला की कोपऱ्यात रुसून उभा. आणि बचावाला मागे धावायचं नाव नको. मागे काय, सासरा धावणार आहे?"

बाईंची भाकितं विचाराल तर एकही खरं ठरलं असेल तर शपथ. पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हरणाऱ्या संघाचंच काहीतरी चुकलं. पहाटेचे सामने दुपारी पुन्हा दाखवत, ते त्या बघत, आणि तोवर गल्लीत निकाल सांगायची कोणाची टाप नव्हती. एकदा दूधवाला बोलून गेला, तर बिचाऱ्याला दूध घेऊन उलट्या पावली परत जावं लागलं.

हे वेड लावलं ते दादानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं. दादा छापखान्यात मशीनवर होता. तरुणपणी छापखान्याच्या संघातून खेळायचा, आणि ही एवढीशी बहीण मैदानाबाहेर गेलेला बॉल आणून द्यायची. कपड्यांचे तुकडे गोळा करत फिरायची म्हणून तो तिला चिंधी म्हणे, ते अजून म्हणे. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर राहायला. मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं आवाज असा की तो खिडकीतून बोलला तर ह्यांच्या दुकानात ऐकू यावं. आणि दादा निळ्यांचा! बहीणभावाची ही भांडणं बाईंच्या लग्नाच्याही आधीपासूनची.

"चिंधे, तुला टाका कळतो, खेळ नाही कळत!"

"आणि तुला? छापलेलं सगळं खरं वाटतं तुला!"

मग थंडीत दादाला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही. काठी घेऊन पाय ओढत चालायला लागला, पण तोंड उघडेना. डॉक्टरांनी सांगितलं, शब्द परत येतील, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा. असेच गप्प राहिले तर गप्पच राहतील. सुरुवातीला दादानं प्रयत्न केला होता. नातेवाइकांसमोर पाणी मागायला गेला आणि भलताच शब्द आला. कोणीतरी हसलं. झालं, तेव्हापासून दातखीळ. बोलायला शिकवणारी बाई खुर्चीचं, कपाचं चित्र पुढे धरी, आणि हा मानी माणूस भिंतीकडे तोंड फिरवून बसे.

प्ले-ऑफ तोंडावर आले तशी वहिनी दुकानात आली. म्हणाली, "वन्सं, हात जोडते. त्यांच्याजवळ या, बसा, सामने बघा. पण भांडू नका हो. आता त्यांना सोसायचं नाही."

"वेडी का काय, वहिनी? मी काय त्याची वैरीण आहे?" कोचबाई म्हणाल्या, आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. तिथंच सगळं बिघडलं.

रोज दुपारी दुकानाला कडी लावून त्या दादाशेजारी बसत आणि गोड गोड बोलत. "दादा, यंदा निळेच रे!" "जावईबापू काय सुंदर खेळतो, नाही?" खरं तर जीभ झडायला हवी होती त्यांची. दादा पहिल्यांदा नुसता बघत राहिला. मग कपाळाला आठ्या पडल्या. मग तो टीव्हीकडे बघेनासा झाला. बाईंनी आणखी साखर पेरली, तसा तो आणखी आक्रसला.

"किती शांत झालेत, बघा," वहिनी म्हणाली.

कोचबाईंना ती शांतता बघवेना. मशीनवर बसल्या की डोळे भरून येत. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय त्यांनी दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला, जन्मात झाली नव्हती ती चूक. माझा भाऊ डोळ्यांदेखत खुर्चीत बसल्या बसल्या चाललाय, असं त्यांना वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आणखी गोड बोलायच्या.

आणि नेमके अंतिम फेरीत निळे आणि पिवळेच समोरासमोर! तीन-तीन अशी बरोबरी, शेवटचा सामना. पिवळ्यांची थोरली बॉल घेऊन सुसाट निघाली आणि जावईबापू अर्ध्या मैदानावर उभा! मागे धावलाच नाही. पिवळ्यांचे गुण झाले. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी तोंड उघडलं, "बिचारा, दमला असेल..." आणि ते 'बिचारा' त्यांच्याच घशात अडकलं.

"दमला कसला डोंबलाचा! धाव की मेल्या!" त्या उठून उभ्याच राहिल्या. "पिवळ्यांना काय भीक घालतोस? आम्हाला नकोय असलं फुकटचं जिंकणं! आणि दादा, तू! ह्या ऐतखाऊला तू डोक्यावर घेतलंस! तेव्हाही डोळे फुटले होते तुझे आणि आताही फुटलेत!"

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं! अहो, काय हे!"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. दादा लालबुंद झाला होता. डावा हात खुर्चीवर आपटत होता, ओठ वाकडे होत होते.

"पा... पाय."

"पाय दुखतोय? थांब, चोळते." त्या खाली वाकल्या. दादानं त्यांचा हात झटकला आणि टीव्हीकडे बोट केलं.

"त्याचा. पाय... दुखतो." श्वास घेतला, कपाळावर घाम आला. "तरी... खेळतो."

वहिनी होती तिथंच जमिनीवर बसली. पडद्यावर जावईबापू गुडघ्याची पट्टी सारखी करत लंगडत पुढे येत होता.

कोचबाई वाकलेल्या सरळ झाल्या. 'खरंय रे दादा, चुकलंच माझं,' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो वाट बघत होता. इतकी वर्षं भांडणात एक टोला हाणला की पुढच्या टोल्याची वाट बघायचा, तशीच. आणि मग बाईंना कळलं, आपण रोज येऊन ह्याला काय देत होतो. हो ला हो करून आपण त्याला आजारीच ठेवला होता. भाऊ म्हणून त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"पाय दुखतो तर बाकावर बसावं की! लंगडत मिरवायचं कशाला? उठून जा म्हणावं बाहेर!"

दादाच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू हसली.

"नाही... बसणार," तो म्हणाला. "चिंधे."

वहिनीनं हात लांबवून टीव्हीचा आवाज बंद केला आणि भांडण ऐकायला दोघांकडे तोंड करून बसली.