चांगुणाबाईंच्या हातची शेवळं

पालेगावात चांगुणाबाईंच्या हातच्या जेवणाबद्दल कुणाला काही सांगावं लागत नसे. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर त्या जन्मल्या, सतराव्या वर्षी लग्न होऊन पालेगावात आल्या, आणि पुढची चाळीस वर्षं चुलीपुढे कधी डगमगल्या नाहीत. भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. चूल गेली, गॅस आला, पण वालाचं बिरडं तेच राहिलं.

मग दीड वर्षापूर्वी त्यांना ताप आला. आठ दिवसांत ताप उतरला, पण वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. एकदा लसूण करपून काळा झाला तरी त्यांना कळलं नाही. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. पती भगवंतराव पानातलं सगळं जेवले, पण ताटाशेजारचा तांब्या त्यांनी दोनदा भरून घेतला, ते चांगुणाबाईंनी पाहिलं. मुलगा नितीन म्हणाला, "आई, पुष्कळ केलंस. आता आराम कर." दुसऱ्या दिवसापासून सून स्वप्नाली स्वयंपाक करू लागली.

स्वप्नाली उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढलेली. शेजारी सगळे सिंधी, त्यामुळे साईभाजी आणि दाल-पकवान तिला उत्तम जमायचं. सासरच्या रानभाज्यांशी मात्र तिची ओळख नव्हती. तरी जूनमध्ये एका रविवारी तिचे आई-बाबा जेवायला यायचे होते, तेव्हा तिने ठरवलं की आज सासरची खासियतच करायची. सकाळीच जाऊन तिने बदलापूर स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून पहिल्या पावसात उगवणाऱ्या शेवळांच्या चार जुड्या आणल्या. मोबाइलवर रेसिपी पाहिली, चिरली आणि फोडणीला टाकली.

चांगुणाबाई हॉलमध्ये वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. आतून एकदम खोकल्याचा आवाज आला. मग जोरजोरात चुळा भरल्याचा.

"काय गो, काय झालं?"

स्वप्नाली घसा धरून बाहेर आली. डोळ्यांत पाणी. "आई, मीठ बघायला जरा खाल्लं. घशात सुया टोचतायत. विषारी आहे का हो ही भाजी?"

"विषारी कसली! खाजरी आहे. हे घे, चोख." चांगुणाबाईंनी डब्यातून चिंचेचा गोळा काढून, वर गुळाचा खडा लावून तिच्या तोंडात घातला. "काकडं किती टाकलीस?"

"कसली काकडं?"

"शेवळांबरोबर बाईने हिरवी फळं दिली असतील ना, आवळ्याएवढी? त्यांच्या आंबटानेच खाज मरते."

स्वप्नालीने फ्रिजकडे बोट दाखवलं. "ती? मला आवळेच वाटले. लोणचं घालणार होते."

चांगुणाबाईंना हसू आवरेना. स्वप्नालीला मात्र रडू येत होतं. "बारा वाजले, आई-बाबा दीडला येतील. मी हे टाकून देते, पनीर मागवते."

"टाकायचं नाही." चांगुणाबाई उठल्या. पदर खोचला. वर्षभर त्या ओट्यापाशी फक्त पाणी प्यायला जात होत्या. "हो बाजूला."

त्यांनी कढईत डाव फिरवून पाहिलं. देठाकडचा पिवळा भागही तसाच चिरलेला होता, खाज त्यातच जास्त. तो दिसेल तेवढा त्यांनी वेचून काढला. काकडं ठेचली, पाण्यात कुस्करली, फडक्यातून आंबट रस गाळून कढईत ओतला. सोललेल्या डाळिंब्या टाकल्या, झाकणावर पाणी ठेवलं, गॅस बारीक केला.

अर्ध्या तासाने झाकण काढलं आणि स्वप्नाली घाबरून म्हणाली, "आता चाखणार कोण? माझा घसा अजून धरलाय. आणि तुम्हाला तर..."

चांगुणाबाईंनी चिमूटभर भाजी फुंकर मारून जिभेच्या शेंड्यावर ठेवली. मीठ कळलं नाही. तिखट कळलं नाही. पण थोड्याच वेळात बारीक कुसळं टोचावीत तसं काहीतरी जिभेवर हललं. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली.

"आई? काय झालं?"

"खवखवतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "स्वप्नाली, मला खवखवतंय गो! चव गेली, पण खाज कळतेय."

चूळ भरून त्यांनी उरलेल्या काकडांचा रस घातला. आणखी वीस मिनिटांनी पुन्हा चिमूट घेतली, शांतपणे थांबल्या. काही नाही. मग मोठा घास घेतला, गिळला. घसा स्वच्छ. "झाली. आता मीठ तू सांग."

स्वप्नालीने भीत भीत बोट लावलं. "किंचित कमी आहे."

विहीणबाईंनी तांदळाच्या भाकरीबरोबर तीनदा भाजी घेतली आणि मुलीला म्हणाल्या, "अगं, किती छान केलीस!" स्वप्नालीने खरं काय ते सगळं सांगून टाकलं, आवळ्यांसकट. व्याही ठसका लागेपर्यंत हसले. भगवंतरावांनी कढई पुसून खाल्ली, पाण्याला हात लावला नाही.

सोमवारी सकाळी स्वप्नाली ओट्यापाशी आली, तर चांगुणाबाई आधीच कांदा चिरत होत्या. फोडणीचा आवाज त्यांना ऐकू येत होता, मसाल्याचा रंग दिसत होता, कणीक हाताला समजत होती. मीठ तेवढं सुनेला विचारायचं, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नितीनने काळजीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका जिभेचं काम गेलंय रे, बाकी सगळी मी आहे."

चव अजूनही आलेली नाही, वासही नाही. श्रावणात खालच्या मजल्यावरची कीर्ती पातोळ्या शिकायला आली. तिने हळदीचं पान उलटं धरलं होतं. चांगुणाबाईंनी ते तिच्या हातातून घेऊन सुलटं केलं, त्यावर तांदळाचं पीठ थापलं आणि खोबऱ्या-गुळाचं सारण पसरून, पान मिटून उकडायला ठेवलं. वाफ आली तशी कीर्ती म्हणाली, "काय सुंदर वास सुटलाय!"

"कसा आहे, सांग बघू," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि कीर्ती सांगत असताना त्यांनी दुसरं पान पुढे ओढलं.