आपल्या कंपनीशी भांडण

पुंडलिकनगरात आमच्या शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू राहतात. आपल्या शिलाई मशीनच्या कंपनीला त्या माहेरासारखं ‘आमची कंपनी’ म्हणतात आणि तिची जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज वाढवतात. यंदा ऐन लग्नसराईत त्यांचं नवं मशीन बंद पडलं. कंपनीचा मेकॅनिक ‘आज येतो’ म्हणत राहिला आणि आलाच नाही. शेवटी काकूंनी नवरीचा ब्लाउज हातानं शिवून दिला. त्यांची बोटं सुजली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत शोरूमला गेले. त्या मशीन परत करतील, असं मला वाटलं होतं. काकू मॅनेजरला शांतपणे म्हणाल्या, “दुसरी कंपनी असती तर मी गुपचूप मशीन बदललं असतं, साहेब. तुम्हाला आपलं मानलं, म्हणून लई लागलं.”

मॅनेजर उठून उभा राहिला. “चूक आमचीच आहे, काकू,” म्हणाला आणि त्याच संध्याकाळी मेकॅनिकला घेऊन घरी आला. मशीन चालू झालं.

परवा गल्लीतल्या नव्या सुनेनं विचारलं, “काकू, मशीन कोणतं घेऊ?”

काकूंनी आपल्याच कंपनीचं नाव सांगितलं. “घे बिनधास्त. बिघडलं तर मला सांग. भांडायला मी येते.”