नस काढलेली दाढ

चांदूर बाजारच्या पार्बताबाईंनी नुसत्या शब्दावर कधी कुणाचं ऐकलं नाही. वांग्याचं बियाणं आणलं, तरी दहा दाणे ओल्या फडक्यात उगवून पाहिल्याशिवाय त्या वाफा टाकत नसत. त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टर करिश्मांनी दाढेचं रूट कॅनल करून, आतली नस काढली, आता दोन-तीन दिवस ठणकेल, असं सांगितलं तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

सहाव्या दिवशीही घास चावला की कळ थेट कानात जाई.

"नसच काढली, त मंग दुखते काहून?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेच्या, मोनालीच्या, मोबाइलमध्ये दाढेचा एक्स-रे होता. तो मोठा करून पाहिला तर मुळांमध्ये पांढऱ्या रेघा. डॉक्टरीणबाई दाढेत बारीक सुया घालत होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एखादी आतच मोडली असणार.

करिश्मांना फोन करायला त्या तयार होईनात. जिनं मोडली ती कबूल कशाला करेल? मोनालीला घेऊन त्या सरळ अकोल्याला गेल्या, गोवर्धन नावाच्या जुन्या दातांच्या डॉक्टरकडे. आधी कुठे इलाज केला ते सांगायचं नाही, अशी सुनेला ताकीद होती.

डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली, नवा एक्स-रे काढला. त्या रेघा सुया नाहीत, मुळं बंद करायला भरलेला रबरासारखा मसाला आहे, म्हणाले. नस गेली तरी दाढेला धरून ठेवणारा मुळाभोवतीचा भाग दुखतोच. त्यात वरचं सिमेंट केसभर उंच राहिलंय, म्हणून प्रत्येक घासाला तीच दाढ आधी आपटते. बाकी काम चांगलं आहे. जिथं केलं तिथंच घासून घ्या.

"तुमी वळखता का तिले?" पार्बताबाईंनी रोखून विचारलं.

"कोणाले?" डॉक्टर म्हणाले.

नाव सांगायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं; त्यांनी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी करिश्मांनी निळा कागद चावायला दिला आणि डाग उमटला तेवढी जागा घासली. इतकं दुखत होतं तर फोन का नाही केला, असं त्यांनी विचारलं. घसा बसला होता, असं पार्बताबाईंनी ठोकून दिलं.

तीन दिवसांनी त्या बाजूनं ज्वारीची भाकर चावली, कळ आली नाही. दुखण्यावरच्या गोळ्यांचा गुण असेल म्हणून गोळ्या बंद करून पुन्हा चावली. तरी नाही.

पुढं मोनालीची दाढ किडली, तेव्हा त्यांनी तिला करिश्मांकडेच नेलं. बाहेर बसा असं दोनदा सांगूनही खुर्चीशेजारचं स्टूल मात्र त्यांनी काम संपेपर्यंत सोडलं नाही.