‘सी फेसिंग’ आणि बाकीचं खरं

किस्से माझ्याकडे आपोआप साचतात. कारण साधं आहे. बाकीची माणसं योग्य वेळी खोटं बोलून प्रसंग टाळतात आणि मला ते जमत नाही, म्हणून माझ्याकडे प्रसंग उरतात!

मी परभणीची. डिप्रेशन कॉलेजपासून आहे. ऑटिझम तर जन्मापासूनच, फक्त आम्हाला कळला उशिरा. तोवर त्याचं नाव ‘आगाऊपणा’ असं होतं. गेल्या वर्षी मालवणजवळच्या एका होमस्टेमध्ये बुकिंग सांभाळायची नोकरी मिळाली. जाहिरातीत ‘शांत परिसर’ लिहिलं होतं. पहाटे कावळे, मग मासेवाली, मग मिक्सर आणि दिवसभर मालकांचा फोनवरचा आवाज. एवढ्या शांततेत मी आधी कधी राहिले नव्हते.

आईने सोडताना मालकांना एक अट घातली. “हिनं उठायचं सोडलं की मला फोन करा. त्याच दिवशी येऊन घेऊन जाते.” नातेवाइकांना तिने सांगितलं होतं की मी पुण्यात कोर्स करतेय. कुठला ते कुणी विचारलं नाही, म्हणून मी अजून पास होतेय.

*

आमच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. त्यांनी माझा इंटरव्ह्यू पडवीत घेतला. मी म्हटलं आधीच सांगून टाकावं. “मला ऑटिझम आहे, डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत. मधूनमधून बंद पडते.”

“बरां,” भाई म्हणाले. “आमचो पंप पण पडता.”

“गर्दीत बोलता येत नाही.”

“बरां. मासे खातंस मा?”

“नाही. वास सहन होत नाही.”

भाई पहिल्यांदाच गंभीर झाले. स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी हाक मारली, “रोझीबाय, जरा भायर ये गो! चेडवाक बरां नाय!” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

रोझीबाय आमची स्वयंपाकीण. तिने माझ्याकडे नीट बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सुक्या माशांचो पण वास येता?”

*

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून फोन. “रूम सी फेसिंग आहे ना?”

“बाथरूम आहे,” मी म्हटलं. “खिडकी उंचावर आहे. बादली उलटी करून तिच्यावर उभं राहिलं की दिसतो.”

फोन ठेवल्यावर भाई माझ्याकडे वळले. “गो बाय, खरां बोलाक तुका ठेवलंय काय मी?”

“मग कशासाठी ठेवलंय?”

भाईंनी खूप विचार केला. मग चहा मागवला.

ते पुण्याचं कुटुंब मात्र आलं. दोन दिवस राहिलं, मजेत गेलं आणि जाताना रिव्ह्यू लिहिला. ‘स्टाफ प्रामाणिक. बादली मोठी हवी.’

*

परभणीत मी दुपारी झोपले की आई हळूच दार उघडून बघायची आणि डॉक्टरांना फोन करायची. दिवसा झोपणं हे लक्षण होतं!

इथे आले आणि बघते तर काय, दुपारी जेवणं झाली की अख्खा किनारा आडवा! दुकानं बंद, भाई आडवे, रोझीबाय आडवी, कुत्रासुद्धा आडवा. एकदा मी दुपारी पडवीत जागी बसलेली दिसले, तर रोझीबाय घाबरून बाहेर आली. “काय गो, नीज येणा नाय काय? डॉक्टराक दाखवूया?”

माझा आजार तोच होता, फक्त जिल्हा बदलला होता.

*

उपाय सुचवणाऱ्यांची इथे कमी नाही. शेजारच्या काकींनी लग्न सुचवलं. मी विचारलं, “तुम्हाला त्याने बरं वाटलं का?” तेव्हापासून त्या कुंपणापलीकडून बोलत नाहीत.

मग ते मोटिव्हेशनवाले पाहुणे. सकाळी पडवीत हात पसरून मला म्हणाले, “एवढा समुद्र समोर असताना डिप्रेशन कसलं? रोज बघ त्याच्याकडे! त्याच्यासारखं राहायचं!”

“बघते ना,” मी म्हटलं. “तोपण दिवसातून दोनदा ओसरतो.”

त्यांनी नाश्ता आत मागवला.

*

आता पावसाळ्यातलं. सीझन बंद, पाहुणे नाहीत, काम नाही. आणि मी एक दिवस उठलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे गमतीने सांगता येत नाही, तरी सांगते. अंगावरची चादर बाजूला करणं हे त्या दिवसांत मोठं काम असतं, आणि ते न झाल्याची लाज त्याहून मोठी असते. वर आईची अट होतीच. भाई फोन करणार, आई येणार, आणि मी परत ‘पुण्यात कोर्स’ करत परभणीच्या मागच्या खोलीत.

रोझीबायने दार ढकललं. मला वाटलं आता सल्ला येणार. तिने पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “उठूची घाई नाय. वाटी तेवडी रिकामी करून भायर ठेव.” आणि गेली! एवढा छोटा सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

भाईंनी आईला फोन केला नाही. पण आईचाच आला. मी उचलेना म्हणून तिने भाईंना लावला. भाई बिचारे माझ्या दारात उभे राहून माझ्यासाठी खोटं बोलायला गेले. घाईत त्यांना एकच जागा सुचली.

“ता... ता समुद्रात गेला!”

ऐन पावसाळ्यात! डिप्रेशनवाल्या मुलीच्या आईला!

रोझीबाय कपाळावर हात मारत ओरडली, “बाजार नाय तुका आठावलो? बाजारात गेला म्हणान सांगूचा!” तिने फोन हिसकावून माझ्या कानाला लावला.

“आई, मी समुद्रात नाही. खाटेवर आहे.”

“काय गं, बरं नाही का?”

आता इथे कुणीही ‘बरं आहे’ म्हणालं असतं.

“नाही,” मी म्हटलं.

*

आई मिळेल त्या गाड्या बदलत आली आणि पोचली ती नेमकी नारळी पौर्णिमेच्या सकाळी. तोवर मी उठले होते, आंघोळ झाली होती, पण आईचं ठरलं होतं. माझी बॅग तिने स्वतः भरली.

“मला राहायचंय,” मी म्हटलं.

“तुला काय कळतंय? परक्या मुलखात कोण बघतंय तुला?”

अंगणात भाईंचं गाऱ्हाणं सुरू होत होतं. सीझन उघडण्याआधी नारळ ठेवून देवाला सगळं मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मला ही पद्धत फार आवडते. कुणी कधी बोलायचं आणि काय बोलायचं हे आधीच ठरलेलं. जगात सगळीच संभाषणं अशी असती तर मी मॅनेजर असते! शिवाय भाई म्हणतात, गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही.

आई बॅग घेऊन पायरीवर उभी राहिली. वाटेत सगळी माणसं होती, त्यामुळे थांबणं भाग होतं.

“बा देवा म्हाराजा! ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“येणाऱ्या पाव्हण्यांक, आमच्या होडयेक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या आमचा चेडू. मासे खाणा नाय, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात सगळ्यात मोठा आवाज रोझीबायचा. गळ्यातला क्रूस मुठीत धरून.

“तेचा मन मधी मधी बंद पडता. आमका त्यातला काय कळणा नाय. पण ता उठापर्यंत थांबाक आमी तयार आसंव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या आवशीक मी खोटा सांगलंय. ती माउली रातभर रडत इली. माजी चूक पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भाईंनी डोळे उघडले नाहीत. आवाज मात्र जरा खाली आला.

“आता ती तेका न्हेवक इली आसा. आवस ती, तिची वाट आमी अडवूची नाय. पण चेडवाक ऱ्हवाचा आसा. तर तिका काय ती बुद्धी तूच दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खं अंगण म्हणालं. मीपण म्हणाले.

गाऱ्हाणं संपलं. भाई नारळ उचलायला वाकले.

आणि मागून, पायरीवरून, सगळ्यांच्या नंतर, परभणीच्या आवाजात एकटंच आलं,

“व्हय म्हाराजा.”